मखमलाबादचे दहा गुंठे आणि आईची पोत

मी, मोहिनी निवृत्ती काकड, वय २७, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहिते. सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर लहानशी म्हणतात. मला भीती वाटते. वडिलांनी मला मळ्यातच अक्षरं शिकवली. खोटं लिहिलं की पान फाडायला लावत.

१. फुलांचा दहा गुंठे मळा आई नवसाबाई हिने गेल्या दिवाळीनंतर मला बक्षीसपत्राने दिला. माझ्यामागे तो थोरला भाऊ समाधान यास मिळावा. त्या दिवशी आई नोंदणी कचेरीत म्हणाली, "सम्यानीच नेली माझी गळ्यातली सोन्याची पोत. त्याला ढेकूळसुद्धा नाय द्यायचं." मी शेजारी गप्प उभी होते.

२. पोत चोरीला गेली नव्हती. आईनेच ती झेंडूच्या बियांच्या डब्यात ठेवली होती. फेब्रुवारीत रोपं टाकायला डबा उघडला तेव्हा मला सापडली. सात महिने झाले, दादाला सांगितलेलं नाही. मळा मला पोतीच्या आळापायी मिळाला होता, त्याची लाज वाटली. पोत माझ्या कपाटात आहे. ती आईची, म्हणून मी कोणाला देऊ शकत नाही. मळा तू घे, असं मी म्हटलं तर दादा म्हणाला, "चोराला कशाला देती? आधी आईला बोलू दे की सम्या चोर नाय." तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

३. आई ते बोलेल असं वाटत नाही. तिला अल्झायमर आहे. डॉक्टर म्हणाले, "यात नुसती आठवण जात नाही. मेंदूतलं सेरोटोनिनही कमी होतं. उदासी, चिडचिड, संशय यांत त्याचा हात असू शकतो; कधी ते विसरण्याच्या आधीच दिसतात." आम्ही तिला तोंडाळ म्हणत होतो. माझ्यामागे तिला दादाने सांभाळावे. उदासीसाठी दिलेली मनाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. गोळीने रडणं कमी झालं आहे, संशय उरला आहे.

४. शिलाई मशीन शेजारच्या सुवर्णाला. माझी कात्री तिच्याकडेच आहे. मागून मागून मी थकले.

५. इथवर लिहिल्यावर उमगलं, मी शस्त्रक्रियेतून वाचले तर दादाला हे कळणारच नाही, आणि तोवर आई त्याला विसरेल. म्हणून शेजारच्या कुसाबाईंना पाठवून त्याला बोलावलं. कलम दोन त्याने ओट्यावर उभ्यानेच वाचलं.

"सात महिने, मोहिने?"

मी माफी मागितली. तो आत आईजवळ जाऊन बसला. आई ओरडली, "आला का चोर?"

तो उठला नाही. अजून बसलेला आहे.

सर्व मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली.

सही: मोहिनी निवृत्ती काकड
साक्षीदार: १. कुसाबाई पिंगळे, शेजारीण (अंगठा)
२. दिनेश पिंगळे, त्यांचा मुलगा (सही)
मखमलाबाद, नाशिक. शनिवार, ६ सप्टेंबर २०२५