आज काय खाल्लं ते लिही

गोंदिया, ता. १८ आक्टोबर १९३६

ती. सौ. धुरपताबाईस धाकटा भाऊ भोजराज याचा शि. सा. न. वि. वि.

आज काय खाल्लं ते आधी लिही, बाकी मागून, असा तुझा हुकूम. म्हणून पाऊस, तब्येत, गिरणी सगळं मागं ठेवतो. सकाळी स्टेशनासमोर दुलीचंद हलवायाकडे पावशेर जलेबी. तूप साजूक, पाक थोडा पातळ. दुपारी ईश्वरदासच्या भोजनालयात पोळ्या, वांग्याचं भरीत, आणि भात वासाच्या चिन्नोर तांदळाचा. संध्याकाळी बाजारात मूगभजी, वर कढईतलं दूध, साईसकट. या गावात येऊन जो उपाशी राहील तो करंटाच म्हणायचा.

भाऊबीजेला यंदाही येणं होत नाही. नव्या धानाचा हंगाम, मालक सुटी देत नाही. रागावू नकोस. माया आहे ती आटू देऊ नये, इतकंच मागणं.

तुझा भोजराज

(भाऊजी, यापुढचं बाईला वाचून दाखवू नका. डाक्टरनं माझं खाणं बंद करून दोन वर्षं होतील. पोटात व्रण आहे. सकाळ-संध्याकाळ पेज, तीही खोलीवर माझीच शिजवलेली. दूधसुद्धा नाही. मला मुदतीचा ताप आला होता तेव्हा मी उठून बसेपर्यंत बाईनं अन्न सोडलं होतं, एकवीस दिवस. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आता कळलं तर पुन्हा सोडेल, आणि हे दुखणं एकवीस दिवसांचं नाही. म्हणून रोज दुकानांपुढं उभा राहतो, काय केलं, कशात तळलं ते विचारतो आणि वहीत टिपून घेतो. खाणारा खोटा असला तरी जिन्नस खरा असतो.)

नवेगाव बांध, ता. २६ आक्टोबर

चि. भोजराज यास धुरपताबाईचे पोटभर आशीर्वाद.

मी बोलून राहिली, तुझे भाऊजी लिहून राहिले. मले अक्षर येत नाही म्हणून हे शब्द गाळतात, तेव्हा दोनदा वाचून घेतलं आहे. मालक तुले सुटी देत नाही ना? मंग मीच येते. यंदा भाऊबीज गोंदियात. पन्नास वर्षांच्या जल्मात मी हाटेलात पाय ठेवला नाही, आता ठेवीन. दोन वर्षं तुझी जलेबी कानानं खाऊन राहिली. दुलीचंद, ईश्वरदास, मूगभजे, सारे पाहीन, आन् तू माह्यासमोर बसून खाशील. माय मरताना तुझा हात माह्या हातात देऊन गेली. तू जेवताना दिसला म्हणजे मले झोप लागते. नाही कायले म्हणतोस?

(भोजराज, वरचं शब्दाला शब्द आहे. गाडीला बैल नाहीत असं सांगून पाहिलं, तर तिनं शेजारच्या बिसरामचे बैल आधीच सांगून ठेवले होते. माझा इलाज संपला. तू तुझं बघ. – गोवर्धन)

गोंदिया, ता. ४ नोव्हेंबर

ती. गोवर्धनभाऊजींस शि. सा. न. हे सगळंच पत्र फक्त तुमच्यासाठी.

बाई येईल तेव्हा मला रोजचं गिऱ्हाईक म्हणून ओळख दाखवा, एवढं सांगायला दुकानं फिरून आलो. कोणी बोलूच देईना. दुलीचंदनं तुपाचा डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. ईश्वरदासनं हात जोडून सैपाकघर दाखवलं, नको म्हटलं तरी. भजेवाल्यानं तर मला पाहताच तेल नालीत ओतलं. सगळे हो साहेब, हो साहेब करतात. साहेब काऊन म्हणतात ते मला समजलेलं नाही. तरी हो म्हणाले आहेत. जीव टांगणीला लागला आहे, सांभाळून घ्या.

भोजराज

नवेगाव बांध, ता. २१ नोव्हेंबर

चि. भोजराज यास आशीर्वाद. गाळलेलं काही नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुलीचंदच्या दुकानात तू जलेबीचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला आन् पांढरा पडला. हात धुवायले म्हणून मागं गेला. तितक्यात मी दुलीचंदले इचारलं, माहा भाऊ रोज किती खाते. त्यानं कान पकडले. म्हणे, दोन वर्षं झाली, साहेब रोज येतात, तूप कोणतं, तेल कवा बदललं ते इचारतात, वहीत लिहितात, गिलासभर पाणी पितात आन् जातात. कधी एक जलेबी तोंडात घातली नाही. म्हणे, आमाले वाटलं मुन्सिपल कमेटीचे तपासनीस असतील. ईश्वरदासही तेच बोलला. तुह्या भेवानं साऱ्या बाजाराचं तेल ताजं झालं, आन् तू उपाशी!

तू गिरणीत गेला, आन् आमची गाडी दोन घंटे लेट. टेसनाच्या बाकड्यावर बसून मी तुह्या भाऊजींकडून सारं वदवून घेतलं. फार रडली रे. लोक पाहत होते, तरी रडली. मंग उठली आन् पुन्हा दुलीचंदकडे गेली. तू साहेब नाहीस म्हटल्यावर आधी त्यानं हुश्श केलं, मंग मले चुलीजवळ जागा दिली. त्याले पेज शिकवली. तांदूळ किती, पाणी किती, कवा उतरवायची, सारं. रोज सकाळी एक गंज भरून पेज तुह्यासाठी ठेवील. आत बाकावर बसून पी.

अन्न मी सोडलं नाही. मी उपाशी राहिली तर तुह्या पोटात काही जात नाही, एवढं आता समजलं. पण ज्या दिवशी खोटं लिहिशील, त्या दिवशी चूल पेटणार नाही.

गोंदिया, ता. २९ नोव्हेंबर

ती. सौ. बाईस भोजराजाचा शि. सा. न. वि. वि.

आज काय खाल्लं: पेज. दुलीचंदच्या दुकानात, आतल्या बाकावर बसून. दोन वर्षं ते दुकान मी बाहेरूनच ओळखत होतो, भाऊबीजेला आत आलो तेव्हा नजर फक्त तुझ्यावर होती. आत भिंतीला आरसा आहे, हे आज पाहिलं. शेजारच्या गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहून जलेबी सोडून पेजच मागितली, तेव्हा दुलीचंदला तुझाच राग आला. मी साहेब नाही हे कळल्यापासून त्याचं तूप बिघडलं आहे. वासावरून सांगतो, खाऊन नाही.

चव विचारशील, तर मीठ कमी होतं. तुझ्या हातची नव्हती. तरी वाडगा पुसून प्यालो आणि तुझी फार आठवण आली.

पुढल्या भाऊबीजेला येतो. तुझ्यासमोर बसून पेजच पिईन, जेवल्याशिवाय तूही उठू नकोस. भाऊजींकडून कागद हातात घेऊन पाहा. माझ्या नावाखाली या वेळी काहीच लिहिलेलं नाही.

तुझा भोजराज