बरी झालेली ताई

कल्याण (पूर्व)
४ जून २०२५

ती. ताईस धाकट्या बाबूचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की राजरत्न तुझ्या हातातून घेतो आणि आई एकदम फिट आहे मामा, म्हणतो. म्हणून ही पोस्टाची वाट.

हर्नियाच्या तपासण्या करायला गेलेलो, तर फुफ्फुसात गाठ निघाली. तुझ्यासारखीच, ताई. कॅन्सरचीच, पण लहान आहे, पसरलेली नाही. रोबोटने काढू म्हणतात. तुळसाने मला न विचारता तारीखही घेतली. मी नाही म्हटलं की बायको उठता-बसता तुझाच दाखला देते, मीराताई बघा कशा ठणठणीत झाल्या. खरं सांग, ऑपरेशननंतर वर्षभरात काय झालं तुझं? मला पळायला जागा नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
बाबू


वर्तकनगर, ठाणे
११ जून २०२५

प्रिय बाबूस ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पायलने तुझं पत्र न उघडता हातात दिलं. सून गुणाची आहे.

आधी चांगलं सांगते. रोबोट म्हणजे डॉक्टरच असतो रे, बाजूला बसून यंत्राचे हात चालवतो. फासळ्यांमधून बारीक छिद्रं पाडून फुफ्फुसाचा एक भाग काढला. आठवड्याच्या आत घरी आले. किमो लागली नाही, परवाचा स्कॅनही स्वच्छ.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. उजव्या छातीखाली अजून बधिर आहे, ब्लाउज टोचतो. जास्त बोलले की खोकला येतो. जिना चढताना मध्येच बसावं लागतं, आणि आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. राजरत्नने फक्त जपा एवढंच ऐकलं. शेजारची इमारत पाडतायत, धूळ येते म्हणून खिडक्याही बंद. स्कॅनशिवाय मी खाली उतरलेली नाही. भरलेला वर्ग सांभाळणारी बाई मी, आता बाथरूममध्ये उशीर झाला तरी हाका येतात. तक्रार कशी करू? सगळे म्हणतात, वाचलीस. वाचलेच आहे.

हे वाचून तू ऑपरेशन टाळलंस तर, या भीतीने पेन खाली ठेवलं होतं. पण खोटं सांगून तुला टेबलावर झोपवणं मला जमणार नाही. ऑपरेशन कर बाबू. आधी डॉक्टरांना मात्र स्वतः विचार, पुढे माझं काय होईल. मी विचारलंच नव्हतं.

मला जीव लावतोस तसा स्वतःलाही लाव.
ताई


कल्याण (पूर्व)
३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस जयभीम, वि. वि.

ऑपरेशन झालं. मामा मस्त आहे, असं राजरत्न म्हणालाच असेल! आता माझ्याकडून ऐक.

भरतीच्या दिवशी मी पळालो. तुळसा फाइल घेऊन हॉस्पिटलच्या खिडकीशी उभी आणि मी बसने शीळफाट्याला. चहाच्या टपरीवर बसून राहिलेलो. पण छाती बरोबरच आलेली ना, ती कुठे ठेवणार? संध्याकाळी परत गेलो. तुळसा ओरडली नाही, रडली. ते जास्त लागलं. मग डॉक्टरांना तू सांगितलंस तसं विचारलं. बधिरपणा राहू शकतो म्हणाले, क्वचित रोबोट थांबवून छाती उघडावी लागते. सगळं ऐकून मी स्वतः सही केली.

आणि तसंच झालं. लहानपणीच्या टीबीने फुफ्फुस आतून चिकटलेलं. रोबोटने हात टेकले, मोठा काप घ्यावा लागला. शिंक आली तरी जीव जातो. पण रिपोर्ट चांगला आहे, कुठे पसरलेलं नाही. आधी माहीत होतं म्हणून शुद्धीवर आल्यावर फसवल्यासारखं वाटलं नाही. तुळसा मात्र राजरत्नच्याच शाळेतली निघाली, कूस बदलायलाही परवानगी लागते.

तुला बघावंसं वाटतं. राजरत्न म्हणतो, आईला जमणार नाही.

लोभ आहे, पोटभर आहे.
बाबू


वर्तकनगर, ठाणे
९ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी राजरत्नला खोकत खोकत वाचून दाखवलं. आईला जमणार नाही, इथे आल्यावर त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, गाठ काढली त्यांनी, पाय नाही काढले. तो आधी चिडला. मग म्हणाला, तू खोकलीस की वाटतं, परत काही निघालं तर मी काय करू. ती भीती मलाही आहे. पुढच्या स्कॅनपर्यंत ती आमच्यासोबत याच घरात राहणार.

तरी काल उतरले. तो माझ्यापुढे उलटा चालत, हात पसरून, जशी मी पडणारच. वर येताना प्रत्येक मजल्यावर टेकले. तिसऱ्यावरच्या कमळाबाई दार उघडून बघतच राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुम्ही गावाला गेलात.

१७ तारखेच्या रविवारी येतेय. राजरत्न गाडी करणार आहे, मी मास्क लावायचं कबूल केलंय. तुमचा जिना चढायला मला वेळ लागेल. घ्यायला कुणाला खाली पाठवू नकोस. फक्त दार उघडं ठेव.

तुझी,
ताई