नमुना रजिस्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

ब्लोअर बंद. आज ब्याऐंशीवा दिवस.

रजिस्टरात लिहिलं — ब्लोअर सुरू, अठरा तास. पीएच ७.२. बाहेर जाणारं पाणी स्वच्छ, वास नाही. काल ७.१ लिहिलं होतं, परवा ७.३. सलग दोन दिवस तोच आकडा येऊ देत नाही. खोटं लिहायचं तर तेही नीट लिहावं लागतं.

मोटर जळाली १४ ऑगस्टला. ब्लोअर टाकीत हवा सोडतो, हवेशिवाय मैलापाणी साफ होत नाही. म्हणून रोज सकाळी नऊला मी व्हॉल्व्ह फिरवतो आणि हॉस्टेलचं सगळं तसंच मागच्या ओढ्यात जातं. लांबलांबून मुलं या कॉलेजात पर्यावरणाचा कायदा शिकायला येतात. गेटवर तसा बोर्डच आहे.

सुपरवायझर उद्धवराव म्हणाले होते, "मोटरचा कागद वर गेलाय. तोवर मागचं बघून भरत जा." कागद अजून वरच आहे.

खरं ते रोज इथे लिहितो. एका तरी वहीत असावं. नाहीतर काही दिवसांनी मलाच वाटायला लागेल की ब्लोअर चालू होता.

५ नोव्हेंबर

ब्लोअर बंद. उद्धवरावांना मोटरचं विचारलं. "सासरा देणारे का तुला मोटर? सारखं काय मोटर मोटर!" बाकीचे हसले. मीही हसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

ब्लोअर बंद. सुट्टी, पण व्हॉल्व्ह फिरवून आलो.

शालनबाईंनी माझा कामाचा शर्ट धुऊन वाळत घातला होता. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. माझी खोली त्यांच्याच घरात — कॉलेजपासून चालत दहा मिनिटं, ओढ्याच्या खालच्या अंगाला. त्यांच्या हातांवर मनगटापर्यंत चट्टे उठलेत. विहीर ओढ्याला लागून आहे, तिच्या पाण्यालाही आता वास येतो. ओढ्यात घाण सोडते म्हणून वरच्या कंपनीविरुद्ध गावाची जी केस आहे ती त्यांच्याच नावाने आहे. आमच्या कॉलेजची मुलं ती फुकट लढतात.

भाकरी थापताना म्हणाल्या, "नवनाथ, तू पानी साफ करायच्या कामाव हायस. तुला कळतंय. कंपनीचंच हाय न्हवं हे?"

मी "हो" म्हणालो.

"मंग झालं. तू म्हनतोस म्हंजी झालं." आणि ताटात दुसरी भाकरी टाकली.

कंपनीचंही असेल. नाही असं मी म्हणत नाही. पण तो वास मला ओळखू येतो. रोजचा आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ब्लोअर बंद.

केसचं काम बघणाऱ्या विजयश्री मॅडम — चौथ्या वर्षाला आहेत — आज केबिनमध्ये आल्या. "नवनाथदादा, तुमचं रजिस्टर बघू जरा?"

रजिस्टर पुढे सरकवलं. पण त्या तपासायला आल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे कंपनीच्या रजिस्टरच्या झेरॉक्स होत्या. अख्खा महिना पीएच ७.०, एका बैठकीत भरलेला. "हे बघा, खोटं असं दिसतं," म्हणाल्या. मग माझं उघडलं. ७.१, ७.३, ७.२, ७.४. "आणि खरं असं. पाणी रोज सारखं नसतंच."

मोबाइलवर पानांचे फोटो काढून नेले.

माझ्या लिहिण्याला शाळेत कधी कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घटकाभर बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते. पण वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ब्लोअर बंद.

वर्गात बोलावलं. मला वाटलं पंखा बिघडला असेल, म्हणून पक्कड घेऊन गेलो. पडद्यावर माझं अक्षर — भिंतीएवढं! शेजारी कंपनीचं रजिस्टर. माझ्यावर लिहिलेलं, 'नमुना रजिस्टर'. सर म्हणाले, "यांचं आयटीआयसुद्धा पूर्ण नाही. पण नोंद कशी ठेवावी हे यांच्याकडून शिका." साठ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हातात पक्कड घेऊन दाराजवळ उभा.

तेवढ्यात खिडकीतून वास आला. मागच्या बाकावरची मुलगी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "कंपनीने आज पण सोडलेलं दिसतंय."

साडेनऊ वाजले होते.

१८ नोव्हेंबर

ब्लोअर बंद. रजिस्टर भरायला बसलो तर आकडाच सुचेना. शेवटी ७.२.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्लोअर बंद. आज शंभर दिवस झाले.

कंपनीचं खोटं उघडं पाडायला नमुना रजिस्टर कोर्टात लावणार आहेत. सोबत माझं प्रतिज्ञापत्र. मंगळवारी तळेगावच्या नोटरीसमोर सही. मॅडमनी मसुदा हातात दिला — "सदर नोंदी मी दररोज यंत्र प्रत्यक्ष पाहून, त्याच वेळी केलेल्या आहेत." तीनदा वाचला. लिहिण्यात कुठे चूक नाही.

उद्धवरावांना गाठलं. म्हटलं, मंगळवारच्या आत मोटर तरी बसवून घ्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. कधी बसवत नाहीत.

"अरे राव, मोटर आणली की बिल येणार. बिलावर तारीख येणार. म्हणजे इतके दिवस बंद होती हे आपणच सांगायचं? आता केस संपेपर्यंत मोटरचं नाव काढू नको."

"पण सही खोटी होईल, साहेब."

"मग आजवर काय करत होतास? रजिस्टरवर माझी सही नाही, भावा. तुझी आहे. शंभर पानांवर."

बरोबरच आहे ते.

खरं सांगितलं तर कंपनीचा वकील म्हणणार, आधी स्वतःच्या कॉलेजचं बघा. केस बुडाली तर शालनबाई कुणाकडे जाणार? सही केली तर पाणी आहे तसंच येत राहणार, आणि मीच ते सोडणार. ही नोकरी काळेवाडीच्या मामांनी चार लोकांना सांगून लावून दिली. परभणीला परत गेलो तर वडील काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. आणि कुठेही गेलो तरी सह्या इथेच राहणार.

२२ नोव्हेंबर

ब्लोअर बंद. व्हॉल्व्ह फिरवताना हात थांबला. न फिरवावं तर हॉस्टेलमध्ये तुंबतं. फिरवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ब्लोअर बंद.

संध्याकाळी खोलीवर आलो तर शालनबाई तांब्यात कढत पाणी भरून माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होत्या. हातांना फडकं गुंडाळलेलं. विजयश्री मॅडम येऊन सांगून गेल्या म्हणे.

"उद्या आमच्या बाजूनं सही करनार व्हय रं? मी म्हनलं तिला, आमचा नवनाथ खोटं न्हाई बोलायचा."

सांगायला तोंड उघडलं. "मावशी, ते पाणी —"

"आधी जेव. पान्याचं मंग बोलू."

जेवलो. मग त्या शेजारी भजनाला गेल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नोटरीच्या ऑफिसात विजयश्री मॅडमनी मसुदा मोठ्याने वाचला. सहीआधी वाचून दाखवायचा असतो म्हणे. मग विचारलं, "रोज पाहून लिहिता ना, दादा?"

"रोज पाहून लिहितो," म्हटलं. "त्या रजिस्टरात नाही."

आणि पिशवीतून ही वही काढली.

त्या उभ्याउभ्याच वाचत गेल्या. ९ नोव्हेंबरपाशी बराच वेळ थांबल्या. मग एवढंच म्हणाल्या, "ही मला ठेवून घ्यावी लागेल." म्हटलं, आजची नोंद करून देतो. पेन त्यांनीच दिलं.

ब्लोअर बंद. एकशे चौथा दिवस. पीएच मोजलेला नाही.