दीवच्या किल्ल्यावर ताई

४ जाने., जळगाव
ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या दीव सहलीत नानांचं नाव घातलं. सोबत म्हणून माझंही. नाना म्हणाले, "दीवच का?" म्हटलं, समुद्र आहे, किल्ला आहे, तुम्ही शाळेत शिकवायचात. त्यांनी पेपर उघडला. ताई नानांच्या मनाविरुद्ध लग्न करून तिथेच गेली हे दोघांनाही ठाऊक. ती किल्ल्यात गाइड आहे हे फक्त मला.

७ जाने.
नाना दीव वाचताहेत. निवृत्त झाले तरी लाल पेन सुटत नाही. मोगलांच्या भीतीने गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना किल्ल्याला जागा दिली. १५३५. मग दोन वेढे. पार १९६१ पर्यंत हलले नाहीत. सगळं मला ऐकवणं चालू. भाजीत दोनदा मीठ पडलं.

इथे तरी खरं लिहावं. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाना म्हणाले, "तिले फोन कर." लग्नापासून ताईशी अबोला धरलेला माणूस. मी केला नाही. दोन वर्षं आईचं सगळं मी एकटीने केलं, आता ही येऊन रडणार, सगळे तिलाच जवळ घेणार... तेराव्यानंतर केला. ताईला सांगितलं, नाना नको म्हणाले. नानांना सांगितलं, ती येत नाही म्हणाली.

९ जाने., बसमध्ये
दीवच्या अलीकडचं उना मागे पडलं. ताईचा फोन. "तुमच्या मंडळाला मीच फिरवते. नानांना माहीत आहे ना?" हो म्हटलं. आणखी एक खोटं.
नाना खिडकीशी. ताडासारखी झाडं, पण फांद्या फुटलेली. अशी आपल्याकडे नाहीत म्हणाले. खुशीत आहेत. कसं सांगू, किल्ल्यात ताई भेटणार म्हणून?

१० जाने., दीव
नायडा गुंफा. दगड काढून काढून पोकळ झालेली जागा, वरून उन्हाचे कवडसे. मग गंगेश्वर. खडकात पाच पिंडी, लाट येते आणि भिजवून जाते. नाना पँट दुमडून उभे. पाणी घोट्यापर्यंत. तिथे सांगायचं ठरवलं होतं. "नाना," म्हटलं. वळले. "काय व?" म्हटलं, घसराल, मागे या.
उद्या दहाला किल्ला.

११ जाने.
दहाला किल्ला.
दरवाज्याशी ताई. गळ्यात ओळखपत्र, केस पिकलेत. नानांना पाहिलं, मग मंडळाला नमस्कार करून मराठीत सुरू झाली. खंदक, तोफा, दीपगृह. नाना सगळ्यांत मागे. बुरुजावर आल्यावर त्यांनी विचारलं, वर्गात विचारायचे तसं, "सुलतानाने जागा दिलीच का?"
"मदत हवी होती. नंतर पस्तावला. तोवर किल्ला उभा राहिला होता."
"बरोबर."
बाकीचे पाण्यातला छोटा किल्ला बघायला तटाकडे गेले. आम्ही तिघंच. नाना हळूच म्हणाले, "तुनी माय गई, तवय का बरं उनी नही तू?"
ताई वळली. "तुम्हीच येऊ नको म्हणालात ना, नाना?"
"मी?"
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तोफेला टेकून उभी होते. तापलेलं लोखंड. सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्यांपासून सगळं. का केलं तेही. संपल्यावर ताईने ओळखपत्र सरळ केलं आणि मंडळाला हाका मारल्या. उरलेला किल्ला दाखवला. एकही साल चुकलं नाही.
नाना जेवले नाहीत. संध्याकाळी किल्ल्यात पत्ता विचारून, रिक्षा करून ताईच्या घरी गेले. एकटे.

१२ जाने.
स. आठला ताईचा फोन. "नाना राहतील काही दिवस. त्यांची बॅग आणून दे." एवढंच.
फुदम गावात घर. ओट्यावर जाळं वाळत घातलंय. तिने बॅग घेतली. म्हटलं, "ताई, मी..." ती म्हणाली, "शेवटी आई काही बोलली का?"
सांगितलं. दोन दिवस तुझंच नाव घेत होती.
ती आत गेली. दार लोटलं नाही.
बस नऊला सुटायची होती. मंडळाचे तीन फोन आले, चौथ्याला म्हटलं, तुम्ही निघा.
आता साडेदहा. ओट्यावर बसून लिहितेय. आत दोघं अहिराणीत बोलताहेत, मधेच थांबताहेत. मला आत ये म्हणालं नाही कोणी. जा असंही नाही.