टकटक कुणीही करतं

१४ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखतो हे दिवसभर सांगत राहण्याची ताकद तिच्यात आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. स्वयंपाकघरातला नळ मी बदलून घेतला. तू बसवलेला होता तोच. तीन वर्षं ठिबकत होता आणि तीन वर्षं तू ‘पुढच्या खेपेला बघतो’ म्हणत होतास. लेकीचा निकाल लागला असेल, तो कळव. गणितात कमी पडले असतील तर ओरडू नकोस. तुझे किती पडायचे ते मला पाठ आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तीन आठवडे झाले. कागद मध्येच बंद करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडण्याआधी वाच.

गेल्या रविवारी तुझी बायको येऊन गेली. तिने तुला सांगितलं की नाही, ठाऊक नाही. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलात, ताई.”

मी म्हटलं, “त्याच्या विमानात एकशे चौसष्ट माणसं होती. तीही कुणाची तरी सख्खीच होती.”

मग ती रडली. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवून गेली. मला तिचा राग नाही. नवऱ्याची नोकरी टांगणीला लागल्यावर तिने माझी बाजू घेतली असती, तर मला तिचीच काळजी वाटली असती. पण तिचा प्रश्न तोच होता, जो आईने विचारला, शेजारणीने विचारला आणि आमच्या साहेबांनी वळसे घेऊन विचारला. विमान वाचलं, कुणाला खरचटलंही नाही, मग लेखी तक्रार करायची गरज काय होती?

गरज होती. ती का होती ते एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

त्या दिवशी टॉवरवर माझी पाळी होती. सकाळची गर्दी तुला माहीत आहे. दर दोन मिनिटांना एक विमान उतरत होतं आणि मधल्या फटीत एक उडत होतं. तुझ्या पुढचं मालवाहू विमान उतरलं, पण त्याचं एक चाक जाम झालं आणि ते धावपट्टीवरच रेंगाळलं. तू सात मैलांवर होतास. मी तुला सांगितलं, येत राहा, वेग कमी ठेवा, धावपट्टीवर विमान आहे, उतरण्याची परवानगी अजून नाही. तुला सूचना दिली आणि मी मालवाहूकडे वळले, त्याला बाजूच्या रस्त्यावर काढायला. त्याचा वैमानिक घाबरलेला होता, त्याला एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. पुन्हा वर पाहिलं तर तू समोर. चाकं बाहेर, दिवे लागलेले, नाक सरळ त्या विमानाच्या शेपटीवर. तीनशे फूट.

मी वर जायला सांगितलं. किती मोठ्याने सांगितलं ते मला आठवत नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते की तिच्या हातातली पेन्सिल पडली. तू वर गेलास. मालवाहूच्या शेपटीवरून दीडशे फुटांनी गेलास, हे मागाहून मोजलं गेलं. काचेतून मला ते दीड हात वाटलं होतं.

आता तुझ्या बाजूचं. चौकशी समितीतल्या बाईंनी कॉकपिटमधल्या ध्वनिफितीचा उतारा मला वाचून दाखवला. दहा हजार फुटांच्या खाली आल्यावर उतरण्याखेरीज दुसरा विषय काढायचा नाही, हा नियम मी तुला शिकवायला नको. तू स्वतः नव्या पोरांना तो शिकवतोस. त्या उताऱ्यात नऊ हजार फुटांपासून तू एक गोष्ट सांगतो आहेस. ताईने मला सायकल कशी शिकवली, ही गोष्ट. मी तुला सीटवर बसवलं, मागून कॅरिअर धरलं आणि ‘उजवा ब्रेक कुठला, डावा कुठला’ हे तू तीनदा म्हटल्याशिवाय हात सोडला नाही. शेवटी तू चढ संपून उतार लागेपर्यंत ब्रेकच म्हणत बसलास आणि दाबायचा विसरून कुंपणात गेलास. तू छान सांगतोस. माझी नक्कल तर इतकी हुबेहूब करतोस की त्या बाईंना वाचतानाही हसू आवरेना. उताऱ्यात कंसात ‘हशा’ असं चार वेळा टाइप केलं आहे. चौथा हशा दोन हजार फुटांवर आहे.

त्याच्याखाली तुझ्या को-पायलटचं वाक्य आहे. “सर, परवानगी मिळाली ना?”

आणि तुझं. “ताई आहे ना वर. बघेल ती.”

हे ऐकून मला भरून येईल असं त्या बाईंना वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मला भरून आलं नाही. मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली. तुझ्या मागे एकशे बासष्ट माणसं पट्टे बांधून बसली होती. त्यांना ताई नव्हती. त्यांना तू होतास आणि तू सायकलवर होतास.

आम्हाला तू ‘उंटावरून शेळ्या हाकणारे’ म्हणतोस. हरकत नाही. पण शेळीने उंटावर विसंबून डोळे मिटायचे नसतात.

म्हणून मी लिहून दिलं, त्याच दिवशी, ड्यूटी संपायच्या आत. तुझं नाव, विमानाचा क्रमांक, वेळ, सगळं. ते मी मागे घेणार नाही. तुझी बायको आली, उद्या तू आलास, आई आडवी पडली, तरी नाही. टॉवरवर मला लोक पाठीमागे ‘पुन्हा-सांगा बाई’ म्हणतात. वैमानिकाने माझी सूचना शब्दाला शब्द परत म्हणून दाखवली नाही, तर मी पुढे सरकत नाही. एकतीस वर्षांत परदेशी कप्तानांना, तिरसट म्हाताऱ्यांना, सगळ्यांना म्हणायला लावलं आहे. त्यावर टॉवरमध्ये विनोद आहेत. एक असा की बाईंना नमस्कार केला, तर तो तीनदा करावा लागतो. असो. पण त्यामुळेच माझ्या पाळीत कधी काही झालं नव्हतं.

आईच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. इथे थांबते.

१६ सप्टेंबर, सोमवार, दुपार

पत्र टाकलं नाही. शनिवारपासून टेबलावर पडून होतं. काल दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नाही. तरी ते पाकिटात घालवेना, आणि का, हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. ‘तुला सूचना दिली आणि मी मालवाहूकडे वळले’ असं मी लिहिलं आहे. या वाक्याच्या मधलं एक वाक्य गाळलं आहे. समितीपुढेही तेच गाळलं होतं.

मी सूचना दिली. तू ती परत म्हटली नाहीस. माइकचं बटण दोनदा दाबलंस. टक, टक. आणि मला ते पुरलं.

दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, शब्दांत सांगा. दोन सेकंदांचं काम. तू लगेच विचारलं असतंस, काय म्हणालीस, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण तू होतास. अकरा वर्षं तू माझ्या पाळीत उतरताना ते बटण दोनदा दाबतोस आणि मी इथून दोनदा दाबते. कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. टॉवरमधल्या लोकांना ती खरखर वाटते. टेपवरही ती खरखरच आहे. माझ्या आयुष्यात मी मोडलेला तेवढाच एक नियम, आणि खरं सांगते, दिवसातली तेवढीच एक गोष्ट मी वाट पाहून ऐकायची.

जुन्या घराचं दार आठवतं? आई कामावर असायची. मी शाळेतून आधी यायचे, तू मागून. आईचा नियम होता, कोण आहे विचारायचं, आवाज ऐकायचा, मग कडी काढायची. तू दोनदा टकटक करायचास आणि मी विचारत नसे. एक दिवस दोनदा टकटक झाली, मी दार उघडलं, तर समोर आई. ती मुद्दामच लवकर आली होती. मारलं नाही. आत येऊन पिशवी ठेवली आणि एवढंच म्हणाली, “टकटक कुणीही करतं. बोलल्याशिवाय दार उघडायचं नाही.”

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पुढे तेच वाक्य मी सगळ्या जगाला ऐकवलं आणि तुला सोडून दिलं.

तुला माझा आवाज ऐकू आला होता, धाकट्या. शब्द ऐकू आले नाहीत. ताईचा आवाज आला, म्हणून अंगठ्याने सवयीने बटण दाबलं आणि गोष्ट पुढे चालू. माझंही तेच झालं. तुझी टकटक आली म्हणून मी तू ऐकलंस असं धरलं. म्हणजे त्या सकाळी आपण दोघंही एकमेकांच्या भरवशावर सायकलवर होतो.

समितीतल्या बाईंकडून मला आणखी एक कळलं. त्यांनी तुला विचारलं होतं की टॉवरच्या सूचनेला तुम्ही काही प्रतिसाद दिलात का, आणि तू म्हणालास, नाही, मला सूचना ऐकूच आली नाही. बटणाचं तू बोलला नाहीस. का बोलला नाहीस, हे मला कुणी समजावून सांगायला नको. तुझी तक्रार मी केली, तू फोन उचलत नाहीस, बायकोला माझ्या दारात पाठवतोस किंवा अडवत नाहीस, आणि तिकडे खुर्चीत बसून मला पाठीशी घालतोस. हे उपकार मला नकोत. मी मागितले नव्हते आणि मला पेलत नाहीत.

आज सकाळी मी दुसरं निवेदन दिलं. दीड पान आहे. बटणाचं सगळं लिहिलं, अकरा वर्षांसकट. समितीकडे देण्याआधी शिस्त म्हणून साहेबांना दाखवलं. त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि म्हणाले, “बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत. टेपवर नुसती खरखर आहे. कुणी विचारलेलं नाही, तुम्ही कशाला सांगता?”

मी म्हटलं, “कुणी विचारलं नाही, हेच तर चुकलंय. मीही त्याला विचारलं नव्हतं.”

माणूस वाईट नाही. त्यांनी माझा हेडसेट मागितला, मी दिला. टॉवरवर जायचं कार्ड मागितलं, तेही दिलं. आता निकाल लागेपर्यंत तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत बसायचं. तिथे खिडकी नाही. विमानं ऐकू येतात, दिसत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत पायऱ्या उतरताना पेन्सिलवाली मुलगी भेटली. म्हणाली, बाई, आम्हाला खरं वाटत नाही. मी म्हटलं, पुन्हा सांगू का? ती हसली नाही. मला मात्र बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आता कामाचं.

माझं नाव आलं म्हणून तुझी चूक एका फुटानेही कमी होत नाही. समितीपुढे माझ्याकडे बोट दाखवू नकोस आणि मला झाकूही नकोस. गुरुवारी तुला पुन्हा बोलावलं आहे, हे मला माहीत आहे. जाऊन सांग की मी नऊ हजार फुटांपासून गोष्ट सांगत होतो. बटणही सांग. को-पायलटने विचारलं होतं, हेही स्वतःच्या तोंडाने सांग. ती पोर नवी आहे. ‘सर, मिळाली ना’ म्हणून थांबली, पुढे रेटलं नाही, कारण तू सर होतास आणि हसत होतास. तिच्या माथी काही मारू नकोस, नाहीतर हे पत्र तुझ्याआधी समितीकडे जाईल. धमकी समज.

लायसन तुला परत मिळेल असं मला वाटतं. वर्ष लागेल, कमी लागणार नाही. तोवर घरी बस, लेकीचं गणित घे, इथे येऊन नवा नळ बघून जा. आणि पुन्हा उडशील तेव्हा वर मी नसेन. वर दुसरी कुणी असेल, बहुतेक ती पेन्सिलवालीच. तिला मी तयार केलं आहे. तिच्यासाठी तू कुणाचा भाऊ नाहीस. एक क्रमांक आहेस आणि मागची एकशे बासष्ट माणसं आहेस. ती म्हणेल, पुन्हा सांगा. न कुरकुरता सांग.

आईला मी काल सगळं सांगितलं, दाराचंही. तिला ते दार आठवत नव्हतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोघंही नेहमीसारखेच मूर्ख, त्याला जेवायला बोलाव.

तेव्हा जेवायला ये. रविवारी, बाराला. घंटी बिघडलेली आहे, ती मी दुरुस्त केलेली नाही आणि करणार नाही. दार वाजव आणि वाजवून गप्प उभा राहू नकोस. मी आतून कोण आहे म्हणून विचारणार. तू मोठ्याने सांगायचंस. मग कडी काढीन.

पत्र मिळालं, वाचलं आणि समजलं, या तिन्ही गोष्टी उलट टपाली लिहून पाठव. शब्दांत.

वाट पाहणारी,
तुझी ताई