मामाची मांडी, परीक्षेच्या टेबलावर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात समजावं, प्रत्यक्षात माझ्या मांड्यांनी संप पुकारलाय.) तुझं डोकं दुखायचं थांबलं का? भावोजींचा खोकला आणि त्याहून मोठा त्यांचा आवाज, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल. तुझी लेक माझ्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत अभ्यास करते, वेळेवर जेवते आणि जेवताना मला ताठ बसायला लावते.

परीक्षेचं काय झालं, हे तू फोनवर विचारलंस तेव्हा गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं नव्हतं. प्रकरण फोनवर मावणारं नव्हतं, एवढंच.

फिजिओथेरपीच्या कॉलेजात शरीररचनेच्या एकाच विषयात भाचीबाई मागे नापास झाल्या, आणि यंदाही तेच झालं तर कॉलेज सोडून त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं भावोजींनी जाहीर केलेलं. तेव्हा इकडे काय वातावरण होतं ते तू ओळखशीलच. परीक्षेत जिवंत माणसाच्या मांडीवर पेन्सिलीने स्नायू काढून दाखवायचे असतात, आणि माणूस ज्याने त्याने आपापला न्यायचा असतो. तिने मला नेलं.

त्याआधी रोज दुपारी तिचा सराव माझ्यावर चालायचा. ताई, उभा जन्म मी लोकांच्या मांड्यांची मापं घेतली, पण आत कोण राहतं याची कधी चौकशी केली नाही. पुढच्या बाजूला चार भाऊ राहतात, क्वाड्रिसेप्स. चौघांची मिळून एकच कामगिरी, गुडघा सरळ करायचा. ते रुसले तर तुला खुर्चीतून उठता येणार नाही. (त्यातला एक जण मांडी वर उचलायलाही हात लावतो. एकत्र कुटुंबात एकावर जादा काम पडतंच.) मागे तिघे हॅमस्ट्रिंगवाले, ते गुडघा दुमडतात आणि मांडी मागे ओढतात. आतल्या बाजूचे स्नायू दोन पायांना एकमेकांपासून फार लांब जाऊ देत नाहीत. आणि या सगळ्यांवरून, कमरेच्या बाहेरच्या कोपऱ्यातून निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूला तिरपा उतरणारा, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू: सार्टोरियस. मांडी घालून बसतो ते त्याच्या जोरावर. शिंपी तसे बसून शिवत, म्हणून त्याला शिंप्याचंच नाव दिलंय म्हणे. आमच्या धंद्याला इतका मान कोणी दिला नव्हता. न्हाव्याच्या नावाचा एखादा आहे का, हे मी खोदून खोदून विचारलं. नाही म्हणाली. दिवस चांगला गेला.

नेमका हाच स्नायू ती मागच्या परीक्षेत घाबरून विसरली होती. म्हणून परीक्षेच्या सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, मी पुस्तक उघडलं आणि दुकानातल्या खुणेच्या पेनाने उजव्या मांडीवर तो स्नायू बारीक काढून ठेवला. समोर दिसला की आठवेल, हा शुद्ध हेतू. पण कापडावर खूण नेहमी उलट्या बाजूने करायची, ही हाताची सवय. हाताने मांडीलाही कापडच मानलं. स्नायू आतून निघाला आणि बाहेर उतरला.

परीक्षक बारीक चणीचे, जाड चष्म्याचे. मी टेबलावर बसलो, चड्डीचा काठ वर सरकला आणि ते थबकले.

"हे काय? उत्तर घरून आणलंत? पुसा आधी."

"साहेब, ही शाई इस्त्री फिरवल्याशिवाय जात नाही," मी खरं ते सांगितलं.

पँट आखूड झालेलं गिऱ्हाईक बघतं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझी लेक पांढरीफटक पडलेली. मला तर गल्लाच दिसायला लागला. मग ती खाली वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "सर, कॉपी असती तर बरोबर तरी असती. हा उलटा आहे. असा असता तर मांडी घालताना मामाचे गुडघे एकमेकांवर आपटले असते."

"मग सुलटा काढा."

डाव्या मांडीवर तिने एका रेघेत काढला. "मामा, मांडी घाल." घातली. तिच्या बोटाखाली, सांगितल्या जागी, तो दोरीसारखा वर आला. मग तिने मला उभं केलं आणि हळूहळू बसायला लावून अर्ध्यात थांबवलं. बसतानाही चौघे भाऊ झोपलेले नसतात, विहिरीत बादली सोडताना दोर सैल करत जावा तसे ते सुटत जातात, हे ती समजावत होती. परीक्षकांना रंग चढला. ते विचारत होते, ती सांगत होती आणि मी मध्येच लटकलेलो. माझी कोणी चौकशी केली नाही, आणि खरं सांगू, करू नये असंच वाटत होतं. माझ्या मांड्या लटलट कापत होत्या, ताई. तिचा हात कापत नव्हता.

भावोजींना नमस्कार. त्यांच्या मांड्यांनाही.

तुझा धाकटा

ता. क. आत्ताच कळलं, भाचीबाई पास झाल्या. परीक्षकांनी एकच अट घातलीय: पुढच्या वेळी मामा नको.

ता. क. दुसरा, आणि पत्र याचसाठी लिहिलं. पुढच्या परीक्षेला पोटाचे स्नायू आहेत. भावोजींना पाठव. त्यांच्या पोटात ते शोधून काढले तर पोरगी कुठेही अडणार नाही, आणि तिचा हात किती सराईत आहे ते एकदा स्वतःच्या पोटावर बघितलं की गल्ल्याचं नावसुद्धा ते काढणार नाहीत. मात्र कशासाठी बोलावलंय ते बोलू नकोस. मेहुणा फुकटात पँट शिवतोय, माप द्यायला या, एवढंच सांग.