रूथच्या नावापुढची खूण

अहो,

रूथला घेऊन सकाळच्या एसटीने नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते आहे. तुम्ही रात्रपाळीवरून येईपर्यंत थांबले तर गाडी चुकेल. भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात.

काल दिवेलागणीला ती पाण्याच्या हंड्यावर धडकली. सगळं पाणी सांडलं म्हणून मी तिला चापट मारली. ती म्हणाली, "आई, दिसलंच न्हाई. कंदील का न्हाई लावला?" कंदील तिच्यासमोरच जळत होता.

हा रातांधळेपणा आहे. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की तो होतो, हे मीच अंगणवाडीत बायांना सांगते. जूनमध्ये गावातल्या पोरांना त्याचा डोस पाजला, तेव्हा रूथ संगमनेरला मामाकडे होती. आल्यावर पाजू म्हणून मी वहीत तिच्या नावापुढे डोस दिल्याची खूण केली आणि विसरून गेले. पोर संध्याकाळची धडपडते, असं तुम्ही म्हणाला होतात. मी हसण्यावारी नेलं.

डॉक्टरांना आणि नर्सबाईंना मी खरं तेच सांगणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

अंगणवाडीमागच्या शेवग्याचा पाला तेवढा तोडून ठेवा. त्याची भाजी करायला मी सगळ्या गावाला शिकवते, आपल्या घरात एकदाही केली नाही.

मरियम